देणगी मोठी की प्रीती?

गावात मोठा माणूस कोणाला म्हणावे? हा प्रश्न कोणी पारावर काढला, तर उत्तरे भराभर येतील. कोणी म्हणेल, ज्याचे भाषण ऐकायला चार गावची माणसे येतात तो मोठा. कोणी म्हणेल, ज्याच्या हाताला गुण आहे तो. कोणी भजनी बुवाचे नाव घेईल, कोणी परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलाचे, कोणी ज्याला अर्धी पोथी तोंडपाठ आहे अशा म्हाताऱ्याचे. ही सारी उत्तरे आपापल्या जागी बरोबरच आहेत. या माणसांच्या अंगी काहीतरी आहे, आणि ते सर्वांच्या अंगी नसते. त्यालाच आपण देणगी म्हणतो. देवाची देणगी.

पण त्याच पारावर एखादी म्हातारी हळूच असेही म्हणेल, ‘बाप्पा, गुण लय आहेत त्याच्यात, पण माणूस म्हणून काही खरं नाही.’ हे वाक्य आपण सर्वांनी कधी ना कधी ऐकले आहे. अंगी गुण असूनही माणूस उणा राहू शकतो, हे अनुभवाने कळलेले शहाणपण त्यात आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका पत्रातून हेच शहाणपण फार खोलवर मांडले गेले. ख्रिस्ती धर्मग्रंथात ते पत्र आहे. त्याची ओळख आज करून घ्यायची आहे. धर्मांतराचा किंवा धर्मप्रचाराचा हेतू यात नाही. शेजाऱ्याच्या घरात कोणता दिवा जळतो, हे जाणून घेतल्याने आपल्या घरातला उजेड कमी होत नाही, एवढीच भूमिका आहे.

पत्र लिहिणारा पौल हा ख्रिस्ताचा प्रेषित. पत्र ज्यांना लिहिले ते करिंथ नगरातले नवे ख्रिस्ती लोक. करिंथ हे ग्रीस देशातले शहर. रोमन सैन्याने इ. स. पूर्व 146 मध्ये ते उद्ध्वस्त केले होते, पुढे इ. स. पूर्व 44 मध्ये ज्यूलियस सीझरच्या आज्ञेने ते पुन्हा वसले. दोन्ही बाजूंना समुद्र, दोन बंदरे, देशोदेशीचे व्यापारी, खलाशी, गुलाम, कारागीर. नव्याने वसलेल्या शहरात जुन्या घराण्यांचा दबदबा कमी, आणि पैसा नाहीतर वक्तृत्व यांच्या जोरावर वर चढण्याची धडपड फार. अशा या शहरात पौल इ. स. 50 च्या सुमारास आला. तो तंबू करण्याचा धंदा जाणत होता. त्या धंद्यावर पोट भरीत तो दीड वर्ष तिथे राहिला आणि त्याने एक लहानशी मंडळी उभी केली. त्यात थोडे श्रीमंत होते, बरेच गरीब होते, गुलामही होते.

पौल पुढच्या प्रवासाला गेला आणि तीन-चार वर्षांत मंडळीत भांडणे सुरू झाली. मी अमक्याच्या पक्षाचा, तू तमक्याच्या पक्षाचा, असे तट पडले. एकत्र जेवायला जमले की श्रीमंत आधी येऊन पोटभर जेवत, आणि कामावरून उशिरा येणारा गरीब उपाशी राही. आणखी एक भांडण होते, तेच आपल्या विषयाचे. ते होते देणग्यांचे भांडण.

ख्रिस्ती शिकवणीप्रमाणे देवाचा आत्मा निरनिराळ्या माणसांना निरनिराळ्या शक्ती देतो. कोणाला ज्ञानाचे बोलणे, कोणाला रोग बरे करण्याची शक्ती, कोणाला देवाचा संदेश सांगण्याची प्रेरणा, कोणाला कारभार सांभाळण्याचे कसब. यांना आत्मिक देणग्या म्हणतात. त्यात एक देणगी मोठी विलक्षण होती. प्रार्थनेच्या भरात काही माणसे स्वतःला व इतरांना न समजणाऱ्या भाषेत बोलू लागत. हिला ‘भाषांची देणगी’ म्हणतात. ती दिसायला-ऐकायला अद्भुत असल्यामुळे करिंथच्या लोकांना तिचे वेड लागले. जो अशा भाषेत बोलतो तो वरच्या दर्जाचा भक्त, जो बोलत नाही तो खालचा, अशी पायरी पडली. ज्याला देणगी नव्हती तो मनातून खचू लागला. ज्याला होती तो मान ताठ करून चालू लागला.

पौलाने या गोंधळाला उत्तर कसे दिले ते पाहण्यासारखे आहे. त्याने देणग्यांची टवाळी केली नाही. त्याला स्वतःला ती भाषांची देणगी होती आणि तसे त्याने पत्रात स्पष्ट सांगितले आहे. म्हणजे कोल्ह्याला द्राक्षे आंबट, असा प्रकार नव्हे. त्याने आधी शरीराचा दाखला दिला. शरीर एक, अवयव अनेक. डोळ्याने हाताला, डोक्याने पायाला, तुझी गरज नाही असे म्हणून भागत नाही. आपल्या शेतीच्या भाषेत सांगायचे तर वखर आणि डवरा यांच्यात मोठे कोण, हा प्रश्नच चुकीचा. ज्या दिवशी जे काम, त्या दिवशी ते अवजार. पण वावर कोणासाठी पिकवायचे, हे विसरले तर दोन्ही अवजारे वाया जातात.

या दाखल्यानंतर पौल म्हणतो की, याहून चांगली एक वाट दाखवतो. ती वाट म्हणजे प्रीती. पत्राचे हे तेरावे प्रकरण आहे. प्रकरणे पुढे तेराव्या शतकात पाडली गेली. मूळ पत्र सलगच होते. म्हणून हा भाग सुटा काढून लग्नसमारंभात वाचायची सुंदर कविता एवढेच त्याला समजू नये. ते भांडणाऱ्या माणसांना दिलेले उत्तर आहे. बाराव्या प्रकरणात देणग्या, चौदाव्यातही देणग्या, आणि मधोमध प्रीती. दोन भाकरींच्या मध्ये जसा विस्तव, तशी ती ठेवलेली आहे.

या प्रकरणाचे तीन टप्पे आहेत. ते एकेक करून पाहू.

पहिल्या टप्प्यात पौल हिशेब मांडतो. कोणाला माणसांच्या आणि देवदूतांच्या भाषा येत असतील, सारी गूढे उकलत असतील, श्रद्धा तर एवढी असेल की डोंगर हलावा. पण प्रीती नसेल, तर बेरीज शून्य. भाषेच्या देणगीला तो वाजणाऱ्या पितळेची उपमा देतो. करिंथ हे काशाच्या कामासाठी नावाजलेले गाव होते, त्यामुळे वाचणाऱ्यांना ती उपमा लगेच कळली असणार. आपल्याला तर ती अधिकच कळेल. भजनात टाळ गाण्याला धरून वाजतो तोवर गोड. गाणाराच नाही, आणि कोणी एकटाच टाळ बडवीत सुटला, तर घरचे लोकही दार लावून घेतात. टाळ खोटा नसतो, आवाजही खोटा नसतो; पण त्या आवाजाला अर्थ उरत नाही.

पौल याच टप्प्यात आणखी पुढे जातो. आपले सर्वस्व गरिबांना वाटून टाकले, देहाचेही बलिदान केले, तरी प्रीती नसेल तर देणाऱ्याच्या पदरात काही पडत नाही, असा त्याचा आशय आहे. हे ऐकून माणूस दचकतो. दान करणे म्हणजेच प्रीती नव्हे काय? पौलाचे उत्तर आहे, नव्हे. दान मानासाठी होते, पाटीवर नाव लागावे म्हणून होते, घेणाऱ्याला मिंधे करावे म्हणूनही होते. धान्य त्याच्या घरी पोहोचते, त्याचे पोटही भरते. पण देणारा होता तिथेच राहतो.

इथे शब्दाबद्दल दोन गोष्टी सांगतो. पौलाने ग्रीक भाषेत जो शब्द वापरला तो ‘अगापे’. 1611 सालच्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात या प्रकरणात त्यासाठी ‘चॅरिटी’ असा शब्द घातला होता. पुढे त्या शब्दाचा अर्थ दानधर्म एवढाच उरला आणि वाचकांचा घोटाळा होऊ लागला. म्हणून 1881 च्या सुधारित भाषांतरात तो बदलून ‘लव्ह’ केला. मराठी बायबलात ‘प्रीती’ हा शब्द रूढ आहे. तो जुना आहे, जरा सोवळा वाटतो, पण उपयोगी आहे. सिनेमातले प्रेम आणि ही प्रीती यांच्यात त्यामुळे अंतर राहते. आवडत्या माणसाविषयी वाटणारी ओढ, हा त्याचा मुख्य अर्थ नव्हे. समोरच्याचे भले व्हावे म्हणून स्वतःला खर्च करणे, आणि तो आवडता नसला तरी करणे, हा मुख्य अर्थ.

दुसऱ्या टप्प्यात प्रीती कशी असते ते सांगितले आहे. शिक्षकांनी इथे व्याकरणाची एक गंमत ध्यानात घ्यावी. भाषांतरांत बहुतेक विशेषणे येतात, सहनशील, दयाळू वगैरे. मूळ ग्रीकमध्ये मात्र पंधरा क्रियापदे आहेत. म्हणजे प्रीती कशी ‘असते’ यापेक्षा ती काय ‘करते’ आणि काय ‘करीत नाही’ याची ही यादी आहे. ती धीर धरते. दुसऱ्याचे बरे झाले म्हणून जळत नाही. बढाई मारीत नाही. स्वतःचेच घोडे पुढे दामटीत नाही. चटकन चिडत नाही. एक क्रियापद तर चक्क हिशेबनिसाचे आहे. त्याचा आशय असा की, प्रीती झालेल्या अपकारांची खतावणी लिहून ठेवीत नाही. आपल्याकडे बांधावरून दोन भावांचा तंटा होतो, आणि वीस वर्षांपूर्वी कोण काय बोलला होता ते तारीखवार निघते. ती वही हे क्रियापद बंद करायला सांगते. ही यादी हवेतली नाही. करिंथच्या लोकांचे जे जे दोष पत्रात आधी आले, ते ते इथे एकेक करून खोडलेले दिसतात. औषधाच्या चिठ्ठीसारखी ती रोग पाहून लिहिलेली आहे.

तिसऱ्या टप्प्यात काळाचा विचार येतो. देणग्या कामचलाऊ आहेत, प्रीती टिकाऊ आहे. भाषा थांबतील, ज्ञानही अपुरे ठरेल. पौल दोन दाखले देतो. एक लहान मुलाचा. मूल मुलासारखे बोलते-समजते, मोठे झाल्यावर ते मागे पडते. दुसरा आरशाचा. त्या काळचा आरसा म्हणजे घासून चकचकीत केलेला धातूचा पत्रा. त्यात चेहरा दिसायचा, पण अंधूक. आज आपले देवाविषयीचे ज्ञान तसे अंधूक आहे. समोरासमोर भेट झाली की आरशाचे काम संपेल. शेवटी विश्वास, आशा आणि प्रीती ही तीन उरतात, आणि तिघांत प्रीती थोरली. देणग्या या वाटेवरच्या शिदोरीसारख्या. मुक्काम आला की शिदोरीचे फडके झटकून ठेवतात. ज्याच्यासाठी वाट चाललो, ती भेट मात्र राहते.

हे सगळे पुस्तकात ठीक, पण प्रत्यक्षात कोणी करून पाहिले काय? पाहिले, आणि आपल्या महाराष्ट्रात पाहिले. पंडिता रमाबाईंचे उदाहरण या विषयाला इतके जुळते की, जणू करिंथची परीक्षा पुन्हा एकदा पुणे जिल्ह्यात घेतली गेली.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले, आणि आईने लेकीला. तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत हे कुटुंब हिंडत असे. दुष्काळात आई-वडील आणि बहीण गेली. 1878 मध्ये रमाबाई भावाबरोबर कलकत्त्याला पोहोचल्या तेव्हा वीस वर्षांच्या मुलीची विद्वत्ता पाहून तिथल्या पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. वाणी, स्मरणशक्ती, बुद्धी, सगळ्या देणग्या पदरात होत्या. पुढे भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांतच पतीही गेले. 1883 मध्ये इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. परत येऊन 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले, ते पुढच्याच वर्षी पुण्यास नेले. 1893 मध्ये तिथल्या मुलींवरील ख्रिस्ती प्रभावावरून मोठा वाद झाला. न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले. त्या वादातली प्रत्येक बाजू इथे तपासायची नाही. पण रमाबाईंची वाट सोपी नव्हती, हे ध्यानात असावे.

मग 1896 चा दुष्काळ आला. तो मध्यप्रांतात भयंकर होता, आणि आपला वर्धा जिल्हा तेव्हा मध्यप्रांतातच होता. आई-वडिलांना दुष्काळात गमावलेल्या रमाबाई मध्यप्रांतात गेल्या आणि निराधार बायका-मुलींना घेऊन परतल्या. पुणे-दौंड रेल्वेमार्गावर केडगाव येथे त्यांनी जमीन घेतली होती. तिथे मुक्ती सदन उभे राहिले. 1900 च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. दोन हजार माणसांना रोज दोन वेळा जेवू घालणे, आजाऱ्यांची शुश्रूषा, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, शाळा. दृष्टिहीन मुलींसाठी वेगळी सोय, समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन. हे सारे डोळ्यांपुढे आणावे.

आता परीक्षेचा प्रसंग. 1905 च्या आरंभी मुक्तीत मुली रोज जमून प्रार्थना करू लागल्या. आधी सत्तरएक होत्या, मग शेकड्यांनी झाल्या. त्या वर्षी जूनअखेर तिथे मोठा धार्मिक जागर सुरू झाला. मुली रडत, पापे कबूल करीत, तासन्‌तास प्रार्थनेत राहत. 1906 च्या सुमारास काहीजणी अनोळखी भाषांत बोलू लागल्या. त्याच काळात अमेरिकेत लॉस एंजेलिस येथेही असाच जागर झाला होता, आणि तिकडच्या काही मंडळींनी सिद्धांतच करून टाकला की, अनोळखी भाषेत बोलणे हीच माणसात देवाचा आत्मा आल्याची खूण. ज्याला ती खूण नाही त्याला आत्मा नाही. करिंथचीच पायरी पुन्हा बांधली गेली. केडगावची कीर्ती जगभर पसरली. मुक्तीतल्या मिनी अब्राम्स या अमेरिकन बाईंनी लिहिलेली पुस्तिका दक्षिण अमेरिकेतील चिली देशापर्यंत पोहोचली, आणि 1909 मध्ये तिथे अशीच एक चळवळ उभी राहिली.

अशा वेळी रमाबाईंनी काय केले? मोह मोठा होता. ‘आमच्या मुली अद्भुत भाषा बोलतात’ असा डंका वाजवला असता तर माणसे, पैसा, मान, सारे धावत आले असते. उलट बाजूने टीका करणारेही होते. हे सारे बंद करा, हा वेडेपणा आहे, असे म्हणणारे. रमाबाईंनी दोन्ही टोके टाळली. मुलींच्या प्रार्थनेला त्यांनी दडपले नाही, भाषांची देणगी खोटी म्हटली नाही. पण तीच एकमेव खूण, हेही मानले नाही. 1907 मध्ये मुक्तीच्या इंग्रजी पत्रिकेत त्यांनी आपली भूमिका मांडली. तिचा आशय असा की, देवाच्या आत्म्याची खरी आणि अत्यावश्यक खूण म्हणजे प्रीती. भाषा बोलणे ही देणग्यांपैकी एक देणगी, ती सर्वांना मिळतेच असे नाही.

हे त्यांनी का म्हटले असेल, हे मुक्तीच्या आवारात उभे राहून विचार केला की कळते. एका खोलीत एक मुलगी तासभर अनोळखी भाषेत प्रार्थना करते. शेजारच्या खोलीत दुसरी मुलगी दुष्काळातून आलेल्या, अंगावर फोड आलेल्या पोरीचे अंग धुते. दुसरीला भाषांची देणगी नाही. तिला खालची म्हणायचे काय? तसे म्हटले असते तर मुक्तीचा पायाच उखडला असता. कारण तिथे आलेल्या बहुतेकींना जगाने आधीच एकदा खालचे म्हणून टाकले होते. कोणी विधवा म्हणून, कोणी जातीवरून, कोणी आंधळी म्हणून. त्यांना पुन्हा एका नव्या उतरंडीत खालच्या मडक्याची जागा द्यायची काय, हा खरा प्रश्न होता. प्रीती ही खूण धरली की उतरंडच मोडते. भाकरी थापणारीलाही ती खूण मिळू शकते.

रमाबाईंनी स्वतःच्या देणगीचेही तेच केले. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर करण्यात घालवली. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास केला. ज्यांना कलकत्त्याच्या पंडितसभेने गौरवले, त्यांनी भाषा निवडली ती कमी शिकलेल्या बायाबापड्यांना समजेल अशी सोपी. पुस्तक मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांच्या हातून तयार झाले. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल 1924 मध्ये बाहेर आले. पौलानेही चौदाव्या प्रकरणात हेच ठरवले होते की, ऐकणाऱ्याला न समजणाऱ्या ढीगभर शब्दांपेक्षा समजणारे थोडे शब्द बरे. विद्वत्ता प्रीतीच्या हाती दिली म्हणजे ती सोपी होते, ही गोष्ट आम्ही शिकवणाऱ्यांनी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावी.

आपल्या विदर्भाच्या वाटेवरचे दुसरे नाव रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. ते काही काळ नागपुरात होते. 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना बायबलचा नवा करार दिला. त्यातील डोंगरावरचे प्रवचन, विशेषतः शत्रूवरही प्रीती करण्याची शिकवण, त्यांच्या मनात रुतून बसली. 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाईंना हे कसे सोसावे लागले, ते ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना ठाऊक आहे. ताटातुटीची वर्षे गेली, मग त्या मुलाला घेऊन नवऱ्याकडे आल्या. आणि नवरा ख्रिस्ती, बायको हिंदू, असा संसार चालला. लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो 1900 मध्ये, स्वतःच्या मनाने. टिळकांची काव्याची देणगी थोर होती, स्वभाव तापट होता. त्यांची प्रीती घरातच जास्त कसाला लागली. 1917 मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही जागा ठेवली.

आता आपल्या अगदी जवळ येऊ. नाचणगाव-पुलगावहून वर्धा किती लांब? गाडीने गेले तर थोडाच वेळ. 1939 मध्ये सेवाग्रामला परचुरेशास्त्री आले. संस्कृतचे पंडित, पण अंगावर महारोग. त्यांची विद्वत्ता गेली नव्हती, पण माणसे दूर सरकली होती. गांधीजींनी आपल्या कुटीजवळ त्यांच्यासाठी झोपडी बांधवली आणि स्वतःच्या हाताने त्यांचे अंग चोळले. त्याआधी 1936 मध्ये विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूर येथे महारोग्यांसाठी काम सुरू केले होते. आपल्याच जिल्ह्यात हिंगणघाटला 1914 मध्ये जन्मलेले बाबा आमटे यांनी वरोऱ्याला 1949 मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली. त्यातून आनंदवन झाले. वकिली, वक्तृत्व, कविता, सारे त्यांच्याजवळ होते. पण रस्त्याकडेला पडलेला, बोटे झडलेला तुळशीराम पाहून ते आधी घाबरून निघून गेले, आणि मग स्वतःच्या भीतीची लाज वाटून परत आले. आनंदवनाची वाट त्या परत येण्यापासून सुरू झाली.

ही माणसे ख्रिस्ती नव्हती. मग त्यांची नावे इथे कशाला? एवढ्यासाठी की, पौलाने मांडलेले माप कोणत्याही घरात लावून पाहता येते. विनोबांनी नव्या करारातून निवड करून ‘ख्रिस्त-धर्म-सार’ सिद्ध केले ते याच वृत्तीने. आणि उलट बाजूने, वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगांसाठी झटणारे जे. सी. कुमारप्पा, आणि सेवाग्रामच्या नयी तालीममध्ये आयुष्य वेचणारे आर्यनायकम, हे दोघे ख्रिस्ती होते. चरखा, घाणी आणि खेड्यातले पोर, यांतच त्यांनी आपली मोठी विद्या ओतली.

आता दोन-तीन शंका उरतात, त्या टाळू नयेत.

एक शंका अशी की, प्रीतीच मोठी तर देणगी कशाला वाढवायची? गाणाऱ्याने रियाज सोडावा काय, वैद्याने अभ्यास सोडावा काय? नाही. प्रीती असलेला पण औषध न जाणणारा वैद्य रोग्याजवळ बसून रडेल. त्याने रोग बरा होत नाही. पौलाने देणग्या मिळवण्याची उत्कंठा धरायलाच सांगितले आहे. फक्त त्या कोणाच्या उपयोगासाठी, हा प्रश्न आधी विचारायला सांगितला.

दुसरी शंका अशी की, प्रीती म्हणजे सगळे पोटात घालणे, अन्यायही सोसणे काय? याचेही उत्तर त्या यादीतच आहे. प्रीतीला अन्यायात आनंद वाटत नाही, सत्यात वाटतो. घरात मार खाणाऱ्या सुनेला ‘तू सोस, प्रीती कर’ असे सांगणारा मनुष्य पौलाचे नाव घेत असला तरी त्याने पत्र अर्धेच वाचले आहे. याच पत्रात पौलाने उपाशी गरिबांची बाजू घेऊन श्रीमंतांची कानउघाडणी केली आहे.

तिसरी शंका चमत्कारांची. प्रार्थनेने रोग बरे करतो, असे म्हणणारे लोक सर्व धर्मांत असतात. त्यांच्यापुढे हे माप धरून पाहावे. हा माणूस रोग्याचे भले पाहतो, की आपला गाजावाजा? रोगी बरा झाला नाही तर त्याच्याजवळ बसतो, की तुझा विश्वासच कमी, असे म्हणून त्यालाच दोष देतो? दवाखान्याची वाट अडवतो काय? ज्याला खरोखर प्रीती आहे तो औषधाचा द्वेष करणार नाही.

शेवटी शिक्षकबंधुभगिनींना थोडे सांगायचे आहे. वर्गात देणग्या वाटलेल्या असतात. पहिल्या बाकावरचे पोर प्रश्न संपण्याआधी हात वर करते. त्याच्याकडे आपले लक्ष आपोआप जाते; त्यात प्रीती लागत नाही. मागच्या बाकावर एक मुलगी असते. पहाटे उठून कापूस वेचून आलेली, डोळे मिटू पाहणारी, पाढा विसरणारी. तिच्याकडे वळायला प्रीती लागते. आपण बक्षीससमारंभात पहिल्या पोराचे नाव घेतो ते योग्यच आहे. पण ज्या मुलाने महिनाभर आजारी मित्राला धडे लिहून दिले, त्याचे नाव कधी घेतो काय? शाळेने कशाला टाळी वाजवली, ते पोरे आयुष्यभर लक्षात ठेवतात.

आणि कास्तकार मंडळींनो, आपल्या भजनी मंडळांतून मुख्य गायक कोण, मृदंग कोणाकडे, यावरून फूट पडते आणि दोन मंडळे होतात, हे काही नवे नाही. करिंथलाही तेच झाले होते. अशा वेळी आपण आवाजाची तुलना करीत बसतो. त्याऐवजी एक साधा प्रश्न विचारून पाहावा. मंडळातला जो म्हातारा आता बेसूर झाला आहे, त्याच्या हातचा टाळ आपण काढून घेतला, की त्याला मध्ये बसवून आपण आपला आवाज जरा उतरवला? ज्या मंडळाने आवाज उतरवला, त्या मंडळात त्या पत्राची शिकवण पोहोचली, मग तिथे कोणी पौलाचे नाव ऐकलेले असो वा नसो.